मास्तर संचालक होतात

श्रीनिवास वर्ध्याच्या शाळेत वाणिज्य शिकवायचा आणि नाचणगावच्या तेल गिरणी कंपनीचे पाच शेअर त्याच्या नावावर होते. शेअर थोडे, ऐट मोठी. १९५४ची वार्षिक सभा आली तेव्हा त्याने नवा ताळेबंद गेल्या वर्षीच्या शेजारी मांडला आणि बायकोला, सुनीतीला, म्हणाला, "हे लोक बुडणार."

सभेत अध्यक्ष भैय्याजींनी विलायती घाण्याचं आणि नव्या अतिथिगृहाचं कौतुक मनसोक्त केलं. मग श्रीनिवास उठला.

"यंत्रं-इमारती दोन लाखांवरून पाच लाखांवर गेल्या. नफा वीस हजार. बाकीचा पैसा कुठला? गोदामातली सरकी संपवली, बँकेचं थोड्या मुदतीचं कर्ज काढलं, सरकीवाल्यांची बिलं थकवली. हाताशी माल आणि येणी मिळून ऐंशी हजार, वर्षात फेडायची देणी तीन लाख. खेळतं भांडवल उरलंच नाही. घाण्यात घालणार काय?"

सरकी पुरवणारा तानबाही भागधारक होता, तो जोराने मान डोलावत होता. भैय्याजी प्रसन्न हसले.

"मास्तर, येवढी हुशारी घेऊन तुमी खाली काऊन बसून राह्यले? आमाले असाच मानूस पायजे. वर या."

चहा येईस्तोवर श्रीनिवास संचालक झाला होता.

संचालकाला भत्ता, अतिथिगृहात जेवण, न्यायला-आणायला मोटार. दोन-चार बैठकांत त्याला पटलं की आकडे तितके वाईट नाहीत, बघणाऱ्याची नजर मोठी हवी. बँकेने कर्जाची मुदत वाढवताना संचालकांची जामीनकी मागितली, तेव्हा त्याने झोकात सही केली.

पुढच्या सभेत तानबा उठला. "मास्तर, सरकीले पैसा नाई, हे तुमीच सांगतलं होतं. घाना बंदच हाय. माह्ये पैसे कवा देता?"

"तानबाजी, ताळेबंद असा वरवर वाचायचा नसतो. ही गुंतवणूक आहे. दूरचं बघा."

भैय्याजींनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर बँकेने गिरणीला टाळं ठोकलं. भैय्याजींची मालमत्ता केव्हाच मेहुण्याच्या नावे गेली होती. जामीनदारांत बँकेच्या हाती लागला तो पगारदार श्रीनिवास, आणि त्याच्या पगारातून हप्ता कापला जाऊ लागला. लिलावात घाणा मेहुण्यानेच मातीमोल घेतला.

लिलावाहून श्रीनिवास पायीच निघाला. मागून तानबाची बंडी आली.

"बसा, मास्तर. पुलगाव टेसनावर सोडतो."

वाटभर श्रीनिवासने त्याला बँकेची चूक नेमकी कुठे झाली ते समजावून सांगितलं. तानबा बैलांकडे बघत बंडी हाकत राहिला.