ग्रेडरचे डोळे

रहमतुल्लांनी बायकोच्या मुठीतलं टोकन घेतलं, घाम पुसायच्या निमित्तानं दोन्ही टोकनं रुमालात फिरवली आणि तिच्या बेचाळीसऐवजी आपलं एक्केचाळीस तिच्या हातात ठेवलं. काम इतक्या सफाईनं झालं, की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं.

हिवरखेडच्या शाळेत अकोल्याहून डोळ्यांचं शिबिर आलं होतं. अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रावर हनुवटी टेकवली, की डोळ्याला हातही न लावता आतला फोटो निघे. डोळ्याच्या आतलं पाणी वाहून जायचा कोपरा चिंचोळा झालाय का, ते त्यात दिसे. तिथं चेहरा कोण बघतो? वहीत प्रत्येकाचं नाव टोकनच्या आकड्यापुढे आधीच लिहिलेलं; फोटोवर तो आकडा पडला, की झालं.

रहमतुल्ला जिनिंगात कापसाचे ग्रेडर. मूठभर कापूस घेऊन, धागा ओढून, डाग बघून ते प्रत सांगत. भाव पडलेल्या त्या वर्षांत एवढ्या तेवढ्या फरकानं माणसं हमरीतुमरीवर येत, पण रहमतुल्लांच्या नजरेवर शेतकऱ्याचा आणि मालकाचा, दोघांचाही भरवसा. हल्ली मात्र संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसत, कपाळ ठणके. हे मालकाला कळलं, तर घरीच बसायची वेळ. आणि मालक मोतीरामशेठ तर समोरच्याच बाकावर नंबर लावून बसलेले! बायको आयशाबी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. तिचे डोळे घटकाभर आपल्या नावावर लागले, तर बिघडलं कुठं?

दोघांचे फोटो निघाले. थोड्या वेळानं डॉक्टर रागिणी कागद घेऊन व्हरांड्यात आल्या.

"एक्केचाळीस, रहमतुल्ला. दोन्ही डोळ्यांत कोपरा फार अरुंद आहे. अचानक बंद झाला तर नजर जाईल. याच आठवड्यात अकोल्याला या, लेझरनं बारीकसं भोक करू, म्हणजे धोका टळेल. बेचाळीस, आयशाबी. तुमचं उत्तम."

शेठनं वळून रहमतुल्लांकडे पाहिलं. रहमतुल्लांनी मात्र आयशाबीकडे पाहिलं. ती शांतपणे ओढणी सावरत होती. बिचारीला काही पत्ताच नाही! शेठ, जिनिंग, इभ्रत, सगळं विसरून ते ताडकन उठले.

"डॉक्टरबाई, ते डोळे माये नाहीत, इचे हायेत! माये खराब निघतीन म्हून मी भेलो, टोकन बदललं. पन इले आजच न्या अकोल्याले. मी हात जोडतो."

शेठचं तोंड उघडंच राहिलं.

आयशाबीनं कपाळावर हात मारला.

"बसा खाली, जुबेरचे अब्बा. तुमी टोकन बदललं तवाच मले दिसलं. आत गेल्याबराबर मशीनवाल्या पोरीले सांगून दोघायचे आकडे सरळ करून घेतले मी. चोरी बी धड येत नाही तुमाले!"

"म्हंजे... खराब डोळे माये हायेत?"

"तुमचेच."

"तुये चांगले हायेत? पक्कं?"

"पक्कं."

रहमतुल्ला मटकन बाकावर बसले. दोन्ही हात तोंडावरून फिरवत, शेठदेखत, अख्ख्या गावादेखत, मोठ्यानं म्हणाले,

"शुक्र है अल्लाह का!"