माझ्या घड्याळातले दोन

माझं घड्याळ चुकीचं आहे असं जो म्हणेल, त्याच्याशी भांडायला मी केव्हाही तयार आहे. आमच्या अदिस अबाबात दिवस उजाडला की सुरू होतो. उजाडून तास झाला की एक वाजतो, दोन तास झाले की दोन. ज्यांचा दिवस ऐन मध्यरात्री, अख्खं गाव घोरत असताना सुरू होतो, त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. बाबांनी लग्नात दिलेलं हे घड्याळ नैरोबीत आल्यावरही मी तसंच ठेवलं. देरेजे, माझा नवरा, सारखा म्हणायचा, काटे सहा तास पुढे कर, एक दिवस फजिती होईल. मी म्हणायचे, होऊ दे.

आणि झाली. नार्दोसच्या बालवाडीपायी झाली.

नार्दोस आमची लेक, चार वर्षांची. अदिसमध्ये तिच्या बडबडीने शेजारीपाजारी कानांवर हात ठेवायचे. नैरोबीत आलो आणि दाराबाहेर पोरीचं तोंड मिटलं ते मिटलंच. घरात बोलायची, तेही हळू आवाजात. लिफ्टमध्ये कोणी नाव विचारलं की माझ्या शालीत तोंड खुपसायची. असे पाच महिने गेले. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये घाला, आपोआप बोलेल. पण कुठल्या मुलांमध्ये, ते काही त्यांनी सांगितलं नाही. चुकीच्या जागी घातली आणि पोर आणखी आत आत गेली तर? या एका विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

देरेजेला असला काही प्रश्न नव्हता. त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं टेकडीवरच्या मोठ्या शाळेत, फीसुद्धा ऑफिसच भरणार. तिथे पोहायचा तलाव, दोन तट्टू, प्रत्येक मुलाला नाव घातलेली टोपी. जागा शुक्रवारपर्यंत राखून ठेवली होती, फक्त सही बाकी होती. रविवारी तो मला म्हणाला, "उद्या दोनला बोलावलंय, नार्दोसला घेऊन जा." आमच्या भाषेत म्हणाला, म्हणून मी आमचेच दोन धरले. सोमवारी माझ्या घड्याळात दोन वाजले तेव्हा मी लेकीला घेऊन शाळेच्या फाटकात उभी होते. बाकीच्या नैरोबीत सकाळचे आठ झाले होते.

पहारेकऱ्याला वाटलं, मुलीला सोडायला आलेली आई. त्याने सरळ आत सोडलं.

आत मुलांच्या रांगा होत्या आणि आवाज अजिबात नव्हता. तीनशे पोरं आणि चिडीचूप, हे मला पहिल्यांदा खटकलं. मग एक लाल रिबिनीची मुलगी बापाच्या पायाला मिठी मारून रडताना दिसली. एका बाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली, बाप पाठ फिरवून गेला, आणि मुलीला व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं. भिंतीवर हसणारा जिराफ रंगवला होता. येणारे जाणारे शिक्षक तिला वळसा घालून जात होते, कोणी मारलं नाही की ओरडलं नाही. रडू संपलं की वर्गात यायचं, एवढाच नियम. नार्दोसने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

तेवढ्यात मुख्याध्यापिका धावत आल्या. आमची वेळ दुपारी दोनची आहे, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं आणि आम्हाला त्याच गोडव्याने फाटकाबाहेर काढलं.

दुपारी गेलो तर शाळा पार बदललेली. फुलं, गाणी, तट्टूवर बसलेली मुलं. स्वागताला पुढे आली ती तीच लाल रिबिनीची मुलगी. सुजलेल्या डोळ्यांनी हसत तिने नार्दोसच्या हातात फूल दिलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्याकडे पहिल्या आठवड्यानंतर कुठलंच मूल रडत नाही. मी मनात म्हटलं, सकाळची खुर्ची पाहिली नसती तर मीही मान डोलावली असती. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

संध्याकाळी जेवताना देरेजे पोट धरधरून हसला. घड्याळाची गोष्ट तो सगळ्या ऑफिसला सांगणार होता. मी खुर्चीचं सांगितलं तर म्हणाला, सगळीच मुलं रडतात, दोन वर्षांत पोरगी फाडफाड इंग्रजी बोलेल. तेव्हा ताटातून मान वर न करता नार्दोसने विचारलं, "आई, ती मुलगी खुर्चीवरून कधी उठली?"

देरेजेचं हसू थांबलं. पण आपला हट्ट सोडेल तर तो नवरा कसला. "दुसरी शाळा असेल तर दाखव," तो म्हणाला. "शुक्रवारी मला सही करायची आहे."

"दाखवते. आणि सगळ्या शाळा दोनलाच बघणार. माझ्या दोनला."

मंगळवारपासून मी तेच केलं. फोनवर दुपारची वेळ घ्यायची आणि सकाळी आठला हजर व्हायचं. कोणी तक्रार केली की मनगट पुढे करायचं आणि परदेशी बाईचा बावळट चेहरा करायचा. तो मला छान जमतो. एका शाळेने फाटकच उघडलं नाही. ठीक आहे, तेही उत्तरच झालं. तिथून तशीच दुसरीकडे गेले, तर वीस मुलं टीव्हीसमोर बसवली होती आणि बाई नखं रंगवत होत्या. बुधवारी तिसऱ्या शाळेत तीन वर्षांच्या मुलांची लेखी परीक्षा चालू होती, आणि एका आईने मला दबक्या आवाजात विचारलं की तुमची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणते का. बुधवार संपला तेव्हा माझे पाय सुजले होते आणि यादीत एकच नाव उरलं होतं.

ती शाळा पेट्रोल पंपामागच्या जुन्या बंगल्यात होती. पत्र्याला गंज, दोन झोपाळ्यांतला एक तुटलेला. गुरुवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फाटकाची कडी एका गुबगुबीत मुलीच्या हातात होती. ती हुंदके देत होती आणि हुंदक्यांमध्येच येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारून आत घेत होती. तिची आई बाजूच्या बाकावर चहा पीत बसली होती. आम्हालाही मुलीने नावं विचारली. मी दोघींची सांगितली.

आतून ॲप्रन बांधलेल्या एक बाई आल्या, हातात नाचणीच्या पेजेचा डाव. शाळा चालवणाऱ्या त्याच, टीचर केरुबो. मी मनगट पुढे केलं आणि बावळट चेहरा करायला घेतला. त्यांनी घड्याळ बघितलं आणि जराही हसल्या नाहीत.

"बरोबर आहे की. आम्ही स्वाहिलीत बोलताना असेच तास मोजतो. माझी आजी अजून असंच घड्याळ लावते," त्या म्हणाल्या. "या, मामा नार्दोस. पेज गरम आहे." मामा म्हणजे त्यांच्या स्वाहिलीत आई.

पाच महिन्यांत या शहरात मला कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. तरी मी एवढ्यावर भुलले नाही, कारण मी पेज प्यायला आले नव्हते. मी सगळं विचारलं. एका बाईंकडे मुलं किती, संडासात सोबत कोण जातं, पाणी उकळता का. स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची झाकणं उचलून बघितली. केरुबोबाई मागे मागे उत्तरं देत होत्या. पत्रा गळतो हे त्यांनी आपणहून सांगितलं.

मग फाटकावरच्या रडक्या मुलीबद्दल विचारलं.

"आमच्याकडे जो रडतो, फाटक त्याचं. रडू संपेपर्यंत सगळ्यांना त्यानेच आत घ्यायचं, आईने बाकावर हवं तेवढं बसायचं."

"आणि जी बोलतच नाही ती?"

"तिला आम्ही बोलायला लावत नाही. काम देतो."

नार्दोसची मुलाखत घ्यायची नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मी कसली घेतेय, तीच केव्हाची माझी घेतेय. खरंच, पोर टक लावून त्यांच्याकडे बघत होती. फाटकाचा नियम काय, हे मी तिला आमच्या भाषेत सांगितलं. माझ्या कानात कुजबुजून तिने तो पुन्हा सांगायला लावला.

रात्रीच्या जेवणाआधीच मी देरेजेला निकाल देऊन टाकला. तो पत्र्यावर अडला, झोपाळ्यावर अडला, ऑफिसात काय सांगू यावर तर फारच अडला. मी म्हटलं, सही करायच्या आधी उद्या माझ्या दोनला तिथे ये, मग बोलू.

शुक्रवारी सकाळी त्याने आम्हाला फाटकाशी उतरवलं आणि गाडी लावायला पुढे गेला. टेकडीवरच्या शाळेचा फॉर्म खिशात होताच. मी आत जाऊन नार्दोसचा हात सोडला आणि तिने भोकाड पसरलं. केरुबोबाई आल्या, मुकाट्याने कडी तिच्या हातात दिली आणि मला बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले. एक मूल आलं, फाटक उघडलं. दुसरं आलं, उघडलं. नाक गळत होतं, पण कडी सुटत नव्हती.

मग देरेजे आला आणि नेहमीसारखा फाटक ढकलायला लागला.

"कोण आहे?" नार्दोसने विचारलं. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तो जागच्या जागी थांबला. अदिस सोडल्यापासून त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

"मी. तुझा बाबा."

"नाव सांगा."

त्याने सांगितलं, पण अर्ध्यातच आवाज फुटला आणि मोठा माणूस भर रस्त्यात बाहीने डोळे पुसायला लागला. नार्दोसने फाटक उघडलं, त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि त्याला हाताला धरून आत घेतलं. मग कडी त्याच्या हातात दिली.

"बाबा रडतोय," तिने केरुबोबाईंना आमच्या भाषेत सांगितलं. "आता फाटक बाबाचं." आणि ती पेज प्यायला पळाली.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक पोराला देरेजेने नाव विचारून आत घेतलं. त्या दिवशी तो ऑफिसला चारला पोचला. माझ्या चारला.