पेपरमिंटच्या सहा पुड्या

१९९९ सालची गोष्ट. मी भोरची साबिरा, कपडे शिवणारी. आमवातानं बोटं वाकडी झालेली. हरिबा वेल्ह्याकडचे, शेरडं राखणारे. पुण्याच्या दवाखान्याला जाताना एसटीत ओळख झाली. ते नसरापूरला चढत आणि माझी पिशवी सरकवून हक्कानं शेजारी बसत.

हरिबांना मूत्राशयाचा कॅन्सर. गाठ काढून डॉक्टर दर आठवड्याला आत क्षयाची लस सोडत होते. अंगातले राखणदार जागे होऊन उरलासुरला कॅन्सर मारतील, हा त्यामागचा बेत. चौथ्या डोसनंतर हरिबांचे गुडघे टम्म सुजले. डॉक्टरांना सांगितलं तर डोस बंद होतील, या धास्तीनं ते गप्प. वर डोळा माझ्या आमवाताच्या गोळ्यांवर!

"तुमचंबी सांध्याचंच दुखणं. द्या की दोन."

"माझे राखणदार माझ्याच सांध्यांना चावत्यात, हरिबा. ह्या गोळ्या म्हंजी त्यांच्या गळ्यातलं लोढणं. तुमचे तर आत्ता कुठं जागे झाल्यात."

हरिबा चपापले. करडांना चावतो म्हणून त्यांनी एकदा वाघ्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं होतं. त्याच आठवड्यात बिबट्यानं बोकड नेला. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. पण हट्ट जाईल तर शपथ.

"न्हाई दिल्या तर दुकानातनं घीन."

घेतल्याही असत्या. मला राग आला आणि भीतीही वाटली. पुढच्या खेपेला मी पेपरमिंटच्या सहा गोळ्या कागदाच्या सहा वेगळ्या पुड्यांत बांधून नेल्या आणि चेहरा गंभीर करून म्हटलं, "रोज एक. पण डोसाच्या आधी गुडघा डॉक्टरांना दाखवल्याबिगर गुण येत न्हाई."

त्यांनी तिथंच एक तोंडात टाकली आणि दवाखान्यात निमूटपणे धोतर वर केलं. डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला, गुडघ्यांवर उपचार केले आणि सूज उतरल्यावर राहिलेले डोस पुरे केले. तीन महिन्यांनी दुर्बिणीनं तपासलं. कॅन्सर कुठंच नव्हता.

त्या दिवशी हरिबांनी एसटीत माझ्या मांडीवर खरवसाचा डबा ठेवला. "तुमच्या गोळीनं वाचलो."

मला राहवेना. "पेपरमिंट हुतं ते."

"म्हाईत हाय. जिभेवर ठेवली तवाच कळलं. बाकीच्या वाघ्यानं खाल्ल्या."

"मग डॉक्टरांना गुडघा का दाखवला?"

त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं.

"ह्या बोटांनी सा पुड्या बांधल्यात. मग निसतं धोतार वर करायला मला काय धाड भरली हुती?"

मला हसू आलं आणि रडूही. डब्याचं झाकण काही मला उघडेना. ते हरिबांनीच उघडून दिलं.