विरजणाच्या कपाटातली बिअर

इंग्लंडमधल्या मेडनहेडचे डॉक्टर शशी प्रधान भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि घरी गव्हाची बिअर करायला लागले. निवृत्त माणसं बागेत रमतात, आमच्याकडे बादलीत रमतात, असं त्यांच्या पत्नी सुप्रभाताई म्हणत. गेल्या वर्षी मात्र घाई नडली. बिअर पुरती आंबायच्या आतच शशीरावांनी बाटल्या भरल्या, आत गॅस साठत गेला, आणि मुलाने, स्वानंदने, एक उचलली तर ती त्याच्या हातातच फुटली. तळहाताला सहा टाके पडले. तेव्हापासून स्वानंदने बापाच्या बिअरचं नाव काढलं नव्हतं, आणि शशीरावांनाही विषय काढायचा धीर झाला नव्हता.

आता लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना त्याने आपणहून फोन केला. रिसेप्शनला टेबलावर तुमची बिअर ठेवू या, म्हणाला. शशीरावांना आभाळ ठेंगणं झालं.

बाटलीत बिअर मुरायला पंधरा-वीस दिवस लागतात, म्हणजे आज भरणं भागच होतं. नियम साधा होता. साखर किती उरली ते दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ तीन दिवस हलला नाही, की आंबणं संपलं. आकडा तीन दिवस वीसवर ठाण मांडून होता. तो बारापर्यंत उतरायला हवा होता खरा, पण गरजवंताला अक्कल नसते. त्यांनी गराजमध्ये धुतलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या.

सुप्रभाताई चहा घेऊन आल्या आणि सवयीने बिअरच्या बादलीला हात लावून बघितला. बादली गारढोण होती. गेल्या रविवारपर्यंत ती वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात होती. पण ते कपाट ताईंच्या विरजणाचं. केळवणाच्या श्रीखंडासाठी चार लिटर दूध लावायचं म्हणून त्यांनीच ती खाली आणायला लावली होती.

"अहो, थंडीत दही लागलं नाही, तर विरजण मेलं म्हणतो का आपण?" त्या म्हणाल्या. "चाखून तरी बघा."

शशीरावांनी पेल्यात थोडी काढून चाखली. चांगली गोड लागली. साखर होती तशीच होती, यीस्ट नुसतं गारठून झोपलं होतं. जन्मभर ज्युनियर डॉक्टरांना ते सांगत आले होते, आधी पेशंटकडे बघा, मग मॉनिटरकडे. आज स्वतःच तीन दिवस आकड्याकडे बघत बसले होते. त्यांना मनापासून लाज वाटली.

तरीही एक बाटली त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली. बऱ्याच दिवसांनी मुलाने काहीतरी मागितलं होतं. मग त्यांनी सगळ्या बाटल्या उलट्या करून ठेवल्या. दोघांनी मिळून, प्रत्येक पायरीला टेकत, बादली वर नेली. दह्याची पातेली कपाटाबाहेर आली. श्रीखंडाचं बघू, ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले, तेव्हा शशीरावांनी स्वानंदला फोन लावला.

"रिसेप्शनला जमणार नाही रे. अजून आंबतेय."



"बाबा, लास्ट इयर तुम्ही थांबला नसता," स्वानंद म्हणाला. "इट्स फाइन. हनिमूनवरून आलो की आम्ही दोघं येतो. पहिली बाटली मी उघडणार."

शशीरावांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"सावकाश या," ते म्हणाले.