माझ्यामागून म्हणा

मी सहावीच्या वर्गातला टेपरेकॉर्डर बोलतोय. शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता शपथ घ्यायला मला स्वतःचा गळा नाही, आणि आजवर मी जे बोललो ते सगळं दुसऱ्याचंच होतं. तेव्हा थोडं इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं मला एकच वाक्य बोलायला लावलं आणि पास केलं. मग दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो. शेवटी हेडसरांनी मला उचललं, कारण त्यांना शाळेचं इंग्रजी सुधारायचं होतं. बाईंच्या टेबलावर मला ठेवून ते म्हणाले, "आता घसा फोडायला नको, बाई. हा बोलेल, पोरं मागून म्हणतील. झालं!"

बाई जीव लावून शिकवायच्या, पण वर्ग खचाखच भरलेला आणि त्यांचा घसा कायम बसलेला. त्यांना हायसं वाटलं.

माझ्या कॅसेटमधला माणूस म्हणायचा, "हाऊ आर यू?" वर्ग म्हणायचा, "हाऊ आर यू?" तो म्हणायचा, "आय ॲम फाइन." लगेच सगळे फाइन. मध्येच तो माणूस जरासा खोकायचा. थोड्याच दिवसांत अख्खा वर्ग तिथं एका सुरात खोकायला लागला. हेडसर दारातून म्हणाले, "वा! काय उच्चार आहेत!"

मला मात्र धडकी भरली. मधल्या सुट्टीत एक पोरगा दारातच आपटला. मित्रानं विचारलं, "लागलं का रे?" पडलेला म्हणाला, "लागलं का रे?" गुडघ्यातून रक्त वाहतंय, आणि दोघं एकमेकांकडं बघत तेच म्हणतायत.

एकच पोरगी यातून वाचली होती. तिला सगळे बडबडी म्हणायचे. मी "हाऊ आर यू?" म्हटलं की ती सांगायची, "माय टूथ पेनिंग. नाइट नो स्लीप."

मला उत्तर देणारी ती पहिलीच! बाई वैतागायच्या. "अगं, नुसतं मागून म्हण ना!"

"मग तो विचारतो कशाला, बाई?"

एवढं म्हटलं की तिची रवानगी व्हरांड्यात. सगळ्यांचे डबे तिथंच ठेवलेले असत.

त्या दिवशीही ती बाहेरच होती. सकाळपासून माझी वायर तापत होती. जळका वास मला येत होता, पण कॅसेटमध्ये नसलेलं अक्षरही मला बोलता येत नाही. मी "आय ॲम फाइन" म्हणत राहिलो. मग माझ्या पाठीतून धूर निघाला आणि शेजारचा पडदा पेटला.

बाई ओरडल्या, "गेट अप! गो आउट!"

"गेट अप! गो आउट!" वर्ग हाताची घडी घालून ओरडला.

"अरे, आग लागलीय! पळा!"

"अरे, आग लागलीय! पळा!"

जागचं कुणी हललं नाही. बाईंनी पहिल्या बाकावरच्या दोघांना ओढून दाराकडं ढकललं. दोघं शहाण्यासारखे परत येऊन बसले. धुरानं सगळ्यांना खोकला आला. तोही एका सुरात.

तेवढ्यात बडबडी दारात आली. तिनं आत बघितलं आणि मागच्या बाकावरच्या पोराला हाक मारली. "ए जाड्या! डॉग! डॉग इटिंग युवर डबा!"

जाड्यानं मागून म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. मग तो उठला.

"ऑल डबा इटिंग!"

बाकं उलथवत वर्ग बाहेर पळाला. बाई सगळ्यांत शेवटी.

डबे जागच्या जागी होते. कुत्र्याचा पत्ता नव्हता. जाड्या भडकला. "व्हेअर डॉग?"

पायरीवर बसलेल्या बाईंनी मान वर केली. त्या वर्गातून इंग्रजीत आलेला, कुणाच्या मागून न म्हटलेला तो पहिला प्रश्न.

आग विझेपर्यंत माझं अर्धं अंग वितळलं. आता शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर पडून असतो. परवा तिथंच बैठक झाली. बाई म्हणाल्या, "सर, यंत्र नको. मला पोरांना काहीतरी खरंखुरं विचारू द्या, आणि उत्तराची वाट बघू द्या."

"बाई, दोष वायरचा होता," हेडसर म्हणाले.

"दोष वायरचा होता," बाकीचे सगळे शिक्षक म्हणाले. एका सुरात. मग जरासे खोकले.

नवीन यंत्रं निघालीत म्हणे. प्रत्येक वर्गात एक.

तर एवढं ऐकलंत, आता माझं मोल टाका. पैसे नकोत. घरातल्या पोराला आत्ता असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. आणि गप्प बसा.

तुमचाच प्रश्न परत आला, तर आधी दार उघडा.