डाव्या तळहातावर

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमच्या मलप्पाअण्णांनी हरभऱ्याचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय भाव फुटत नसे. दाणा फुटताच ते त्याची ओल सांगत. खालच्या दाढा गेल्या आणि अण्णा मुकेच झाले. कवळीखाली दाणा घसरायचा, आणि ओल मोजायच्या यंत्राला ते पोरखेळ म्हणायचे. सौद्याच्या वेळी कोपऱ्यात बसलेला थोरला भाऊ मला बघवेना. शेवटी त्यांना धरून लातूरला नेलं.

"हाड झिजलंय, खालून नस जाते," दातांच्या डॉक्टर उज्वलाताई म्हणाल्या. "आधी स्कॅन काढू, नव्या दाढांसाठी हाडात बसवायच्या स्क्रूची जागा कॉम्प्युटरवर ठरवू, मग तसा साचा छापून घेऊ. साच्याच्या भोकातूनच ड्रिल जाईल. अंदाजपंचे काही नाही. फक्त गळ्यातली ती चांदीची डबी काढा, धातूनं फोटो बिघडतो."

अण्णा ताडकन उठले. आम्ही लिंगायत; त्या डबीतलं इष्टलिंग जन्मभर अंगावरून उतरत नाही. "लिंग अंगावेगळं करून दात बसवू? चल गुंडप्पा, घरी!"

हट्टाला औषध नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. माझा संताप संताप झाला. उज्वलाताईंनी मात्र शांतपणे विचारलं, "काका, पूजेच्या वेळी लिंग कुठं असतं?"

"डाव्या तळहातावर."

"तेव्हा अंगावेगळं होतं?"

अण्णा दारातच थांबले. "न्हाई होत."

"मग तसंच घ्या हातात."

यंत्र डोक्याभोवती फिरलं. न्हाव्यापुढंही स्थिर न बसणारे अण्णा लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटून उभे राहिले, पापणीसुद्धा हलली नाही. पहिल्याच फेरीत स्कॅन स्वच्छ आला.

पुढं साच्यातून स्क्रू बसले, हाडानं ते धरले, वर दाढा चढल्या. "दाण्याचा स्पर्श पहिल्यासारखा कळणार नाही," उज्वलाताईंनी स्पष्टच सांगितलं, "आणि रोज फोडत बसू नका."

नवा हरभरा आला. ढिगाभोवती माणसं जमली. अण्णांनी दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले. डावा तळहात नकळत छातीपुढं आला होता.

कट्ट.

अण्णा तसेच उभे. मग माझ्या कानाशी म्हणाले, "गुंडप्पा, दाताला कायबी कळंना रे."

मी त्यांचा दंड धरून बाजूला घेऊ लागलो.

"पर हाडातून कानाला लई साफ ऐकू आलं." मग मान वर करून ओरडले, "कडक वाळलाय! बोला!"

आणि भाव फुटला.