उंडीचं तेल

खाडीपलीकडे रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे वल्हवत जायला अर्धा दिवस लागे. मथुरेची धाप तेवढा वेळ देत नसे. म्हणून तिचा नवरा राघो पडवीत आंब्याच्या फळ्यांची होडी बांधत होता, मुंबईहून आणलेल्या जुन्या इंजिनावर पळणारी.

पाणी मुरू नये म्हणून फळ्यांना उंडीचं तेल मथुराच चोपडायची.

"माझ्या केसांना कधी एवढं तेल दिलंत का हो?"

"बरी हो, मग डबाभर ओततो."

आषाढात मथुरा गेली. गावात कोरडं लाकूड नव्हतं. धाकटा भाऊ भिवा होडीकडे बघत राहिला. राघोनेच होडी मोडली.

नाही. होडी झालीच कुठे होती? फळ्या सुट्या केल्या.

स्मशानात भिवा पुटपुटला, "दादा, एवढ्या ओलीत लगेच पेटलं."

"तेल तिनंच लावलंय," राघो म्हणाला.